क्रीडा-कला भवनाचे रोडगे

भवन आधी काचेच्या पेटीत आलं. ऑफिसात मॅडमच्या टेबलाशेजारी ती पेटी मांडली आणि तिच्यावरची धूळ पुसायचं काम माझ्याकडे आलं. आत थर्माकोलची तीन मजली इमारत, हिरव्या स्पंजाची झाडं, दोन मोटारी आणि बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची माणसं. रोज पुसता पुसता मी सगळी माणसं निरखून पाहिली. टाय लावलेला एक होता, पर्सवाली एक होती, मोटारीचं दार उघडणारा एक होता. शाळेच्या भवनात पोर मात्र एकही नव्हतं. मला वाटलं, नंतर बसवणार असतील.

मी त्या शाळेत मावशी होते. अमरावतीत बडनेरा रोडला लागून असलेली ही खासगी शाळा. घंटा देणं, वर्ग झाडणं, स्वच्छतागृहं धुणं, लहानग्यांची शेंबडी नाकं पुसणं, पाहुण्यांना पाणी नेणं, हे माझं काम. माझं गाव रत्नागिरीकडे, खाडीच्या काठावर. हायस्कूल खाडीपलीकडे होतं. सातवीनंतर एका पावसाळ्यात होडी बंद होती म्हणून घरी बसले, ती बसलेच. नवरा डांबर अंथरायच्या मशीनवर. मशीन जिथे जाईल तिथे बिऱ्हाड. तसं ते अमरावतीला आलं, पुढे मशीन तेलंगणाकडे सरकलं, मागोमाग नवरा सरकला, पण मी आणि मुलगी इथेच राहिलो. कारण शाळेने मुलीला सवलतीची जागा दिली होती. सवलत म्हणजे फी पूर्ण माफ.

ती सवलत दर जूनमध्ये नवी व्हायची. एक कागद असे, त्यावर अध्यक्षांची सही लागे. सही झाली की तो कागद मी तांदळाच्या डब्यात खोल घालून ठेवायची. तांदूळ काढताना वाटीला कागद लागला की बरं वाटायचं. मुलगी तेव्हा नववीत होती. दहावीची सही व्हायची होती. ती एकदा झाली की माझ्या घरातलं पहिलं माणूस दहावीला बसणार होतं.

आमचे अध्यक्ष म्हणजे भाऊ. सगळी शाळा त्यांना भाऊच म्हणते. मनाने मोठा माणूस, मला कामावर त्यांनीच ठेवलं, ते मी विसरणार नाही. पण एकदा नागपूरला कुठल्याशा मोठ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले आणि तिथलं छताखालचं बॅडमिंटनचं मैदान पाहून आले. आले ते आजारी माणसासारखे. आठ दिवस कोणाशी नीट बोलेनात. मग मीटिंग घेतली आणि म्हणाले, "आपल्या पोरांनी काय पाप केलं बा? त्यांनी कावून, कशासाठी उन्हात खेळावं?"

पोरांना त्यांनी विचारलं नव्हतं. पोरांना ऊन वगैरे लागत नव्हतं.

मग कामाला सुरुवात झाली. पहिलं काम म्हणजे मैदान पत्र्यांनी बंद केलं, कारण भवन तिथेच उभं राहणार होतं. खेळाच्या तासाला मुलं वर्गात बसून हाताची घडी घालू लागली. कलेच्या खोलीत पावतीपुस्तकं, बॅनर आणि सतरंज्या ठेवल्या, तेव्हा चित्रकलेचा तासही गेला. पेटी होती वाजवायची, तिच्यावर पत्रकांचे गठ्ठे आले. खेळ आणि कला ही दोन्ही पोरांच्या भल्यासाठी शाळेतून हद्दपार झाली. माझी मुलगी खो-खोत चांगली होती. पत्र्याच्या फटीतून मैदान बघायची आणि मला म्हणायची, "आई, भवन होईपर्यंत मी दहावी पास होऊन जाईन न."

मग दरपत्रक निघालं. ज्याची देणगी मोठी, त्याचं नाव सभागृहाला. त्याहून कमी असेल तर खोलीला. आणखी कमी असेल तर जिन्याच्या एका पायरीला. पायऱ्या पटापट गेल्या, कारण मधली पायरी मिळावी म्हणून दोन व्याह्यांत चुरस लागली. खिडक्यासुद्धा गेल्या. राहिली फक्त स्वच्छतागृहं. त्यांना नाव द्यायला कोणी तयार होईना. मी दरवाजात पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते. मनात आलं, त्या जागेवर हक्काने लागावं असं एकच नाव या शाळेत आहे. आणि मी ट्रे पुढे केला.

शेवटी फर्मान निघालं, शिक्षकांपासून मावशीपर्यंत प्रत्येकाने पाच देणगीदार आणायचे. मी घाबरून गेले. चारशे कोस दूर आलेली बाई मी, या गावात मला ओळखणार कोण? किराणावाला, तोही उधारीच्या वेळी तोंड फिरवणारा.

मुख्याध्यापिका मॅडम पुण्याच्या. बोलणं अगदी मऊ, दुधावरच्या सायीसारखं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला देणगीदार मिळणार नाहीत हे मला समजतं. तुम्ही असं करा, माझ्याबरोबर अकोल्याला चला. मुलीलाही गणवेशात घ्या."

मला वाटलं, सामान उचलायला नेतायत. तेही होतंच. रेल्वेत बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत काचेची पेटी माझ्या मांडीवर. तिच्यावर धूळ नको म्हणून मी माझी ओढणी टाकली होती. समोर बसलेली एक म्हातारी कितीतरी वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "गणपती हाय का वो यात?"

मी म्हटलं, "नाही, भवन आहे."

"असं," म्हणाली, आणि तरीसुद्धा हात जोडले.

अकोल्यात आम्ही चार ठिकाणी गेलो. चारही ठिकाणी एकच खेळ. मॅडम पेटी उघडायच्या, सगळं समजावून सांगायच्या, आणि समोरच्याने घड्याळाकडे पाहिलं की माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या. "या आमच्या मावशी. यांची मुलगी आमच्याकडे पूर्ण मोफत शिकते. सांगा ना मावशी, तुम्हाला काय वाटतं ते."

मग मी सांगायची. शाळेने माझ्या मुलीसाठी काय केलं, मी सातवीत कशी घरी बसले, होडी, पाऊस, सगळं. पहिल्या ठिकाणी मला खरंच रडू आलं. ते खोटं नव्हतं, आजही नाही. दुसऱ्या ठिकाणी होडीपाशी आले तेव्हा मॅडम मान हलवत होत्या, जसं गाण्याला हलवतात. तिसऱ्या ठिकाणी डोळे कोरडे राहिले, तर बाहेर आल्यावर म्हणाल्या, "थकलात का मावशी? थोडं पाणी प्या." चौथ्या ठिकाणी मुलीने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती.

चौथं ठिकाण म्हणजे डाळ मिल. मालक शेठ म्हातारे, अंगात बनियन, डोक्यावर डाळीचा पिवळा भुगा. त्यांनी माझी होडी ऐकून घेतली, पेटीत वाकून पाहिलं आणि मुलीला विचारलं, "तू काय खेळतं वो बाई?"

"खो-खो."

"कोठी खेळतं?"

"आता नायी खेळत. मैदान बंद हाये. तिथी भवन बनून राह्यलं न, खेळासाठी."

मी डोळे मिटून घेतले. शेठ मात्र हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोक्यावरचा भुगा खांद्यावर पडला. मग म्हणाले, "मॅडम, माह्या नावाच्या फरश्या अकोल्यात पाच शाळांत हायेत. एकाही शाळेत मले पोट्टे खेळताना दिसले नायीत, सांगून ठेवतो. पैसे नका मागू. डाळ घेऊन जा. डाळ देल्ली त कोणी खाईन तरी."

आणि खरोखर चार कट्टे, म्हणजे चार पोती तूरडाळ टेम्पोत टाकून दिली.

परत येताना मॅडम मूर्तिजापूरपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होत्या. गाडी थांबली तेव्हा माझ्याकडे वळून तशाच मऊ आवाजात म्हणाल्या, "मुलीला जरा समजावून सांगा, मावशी. सवलत हा काही हक्क नसतो. दर वर्षी विचार करावा लागतो."

पेटी माझ्या मांडीवर होती. तिच्यावरून घसरलेली ओढणी मी पुन्हा नीट केली.

घरी आल्यावर मी मुलीला ओरडले. "काय गो बोललीस तिथे? तोंड आवरता येत नाही?" तर ती म्हणते, "त्यायनं विचारलं, मी सांगितलं. तू कावून भेतं वो आई?" माझी भाषा तिच्या तोंडात राहिली नाही आणि माझी भीतीही तिच्यात उतरली नाही. एका परीने बरंच आहे ते.

पण सवलतीचं तसं ऐकल्यावर पाच देणगीदारांतला निदान एक तरी आणायलाच हवा होता. आमच्या गल्लीत एक काकू भाजी घेऊन येत. जवळच्या गावात त्यांची वाडी, वांगी-मेथी स्वतः पिकवायच्या आणि स्वतः विकायच्या. धीर करून त्यांना सांगितलं.

"भवन म्हंजे काय असते त्यात?" काकूंनी विचारलं.

"खेळ आणि कला."

"मंग आता काय करतेत पोट्टे?"

"बसतात."

काकूंनी वांग्यांवर पाणी शिंपडलं. "पैसे नायीत माय माह्यापाशी. वांगे हायेत. दोन कट्टे पाठोते. तुह्यासाठी देते, भवनासाठी नायी, ध्यानात ठेव."

पावतीपुस्तकात वांग्यांचा रकाना नव्हता. मी माझ्या अक्षरात लिहिलं, वांगी, दोन कट्टे. इतरांचंही असंच झालं होतं. कोणी गहू आणला, कोणी तुपाचा डबा, कोणी गोवऱ्या देतो म्हणाला. या भागातला माणूस धान्य द्यायला हात आखडत नाही. पैशाचं नाव काढलं की मात्र त्याला शेतावरचं काम आठवतं. कलेच्या खोलीत आता बॅनर बाजूला सारून कट्टे रचले गेले. भाऊंनी एक दिवस दार उघडून पाहिलं, गहू, डाळ, वांगी, तूप, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मॅडम, हे त रोडगे झाले!"

मला रोडगे ठाऊक नव्हते. आमच्याकडे भात आणि मासे. इथे जाडसर कणकेचे घट्ट गोळे करतात, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, राख झटकून फोडतात आणि तूप, वरण, वांग्याच्या भाजीबरोबर खातात. नवस फेडायला शेतात किंवा देवळापाशी हे जेवण घालतात. भाऊंचं म्हणणं असं की काट्याचमच्याच्या जेवणाला इथला माणूस पैसे मोजणार नाही, पण रोडग्यांना नाही कसा म्हणेल? कुपनं छापा, रविवारी दुपारी मैदानावर पंगत, जेवण झालं की माईकवर देणगीदारांची नावं. मॅडमना राख लागलेल्या अन्नाची कल्पना मानवली नाही. पण 'हेरिटेज' असा शब्द सापडल्यावर त्या तयार झाल्या.

माघातला रविवार होता. मैदानाचे पत्रे काढले. आचारी पहाटेच आले, गोवऱ्यांचा धूर थेट रस्त्यापर्यंत गेला. काकूही आल्या, "आपले वांगे आपणच चिरावं" म्हणून विळी घेऊन बसल्या. मी भांड्यांवर होते. साडेअकराला पहिले रोडगे राखेतून निघाले. पाहुणे बाराला येणार होते. भाऊ आणि मॅडम त्यांना घ्यायला हॉटेलवर गेले होते.

काकूंनी रोडग्यांच्या टोपलीवर हात ठेवला. "निवद दाखोला का?"

"कोणी दाखवायचा?"

"ज्याच्या घरचं कार्य त्यानं."

"भाऊ अजून यायचेत."

"मंग? निवद दाखोल्याशिवाय रोडगा फोडत नायी, पाप लागते. तूच दाखोव. तू शाळेचीच हायेस न?"

शाळेचीच. इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मैदानाच्या कोपऱ्यात लिंबाखाली मारुतीचा लहानसा ओटा आहे. काचेच्या पेटीत तो नव्हता. नकाशावाल्याने तिथे मोटारी लावल्या होत्या. मी पत्रावळीवर पाच रोडगे ठेवले, वरण, भाजी, तूप वाढलं, पाणी फिरवलं आणि डोळे मिटून एकच मागितलं, जूनची सही. नैवेद्याला घंटा वाजवायची असते, हे आमच्याकडेही आहे. आता माझ्या हाताशी घंटा होती ती शाळेचीच, रुळाचा टांगलेला तुकडा. सवयीचा हात. मी शाळा सुटल्याची लांब घंटा दिली.

रविवारी दुपारी शाळेची घंटा वाजली. धूर दिसत होताच, वास सुटला होताच. गल्लीतल्या बाया दारात आल्या. रिक्षावाले थांबले. समोरचा पंक्चरवाला हात पुसत आत आला, ओट्यावरची पत्रावळ पाहिली, हात जोडले आणि मांडी घालून बसला. त्याच्याशेजारी दुसरा बसला. मग रांग धरली. लहान पोरं, म्हाताऱ्या, रस्त्यावरचे मजूर. आचाऱ्याने मला विचारलं, "वाढू का?" बसलेल्या पंगतीला नाही म्हणायचं मला कोणी शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "वाढा."

मोटारी आल्या तेव्हा दुसरी पंगत बसत होती. मॅडम फाटकात कुपनांची टोपली घेऊन उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "काका, कुपन?"

"कशाचं कुपन वो बाई?"

"जेवणाचं."

"निवद दाखोला न? मंग परसाद हाय हा. परसादाचे पैसे घेते का कोणी?"

हे मोटारीतल्या पाहुण्यांनी ऐकलं. ते सुद्धा शेवटी याच मातीतले. एक म्हणाले, "मंग आमाले कावून कुपन देल्लं?" दुसऱ्यांनी स्वतःचं कुपन खिशातून काढून मॅडमच्या टोपलीत परत टाकलं आणि पंगतीत जाऊन बसले, आपल्याच ड्रायव्हरच्या शेजारी. पायरीवाले दोघे व्याही समोरासमोर बसले आणि एकमेकांना तुपाचा आग्रह करू लागले. देणगीचं नाव कोणी काढेना. प्रसादाच्या जागी ते शोभतही नाही.

भाऊ आले आणि पंगत पाहून जागच्या जागी थांबले. तो म्हातारा उठून त्यांच्या पाया पडायला गेला. "भाऊ, लय पुण्याचं काम केलं. नवस कोणाचा होता?"

भाऊंनी पत्रावळीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात वरणाचा डाव होता. तीनशे माणसं घास हातात धरून बघत होती. भाऊंनी माईक घेतला.

"माह्या आईचा," ते म्हणाले. "माह्या आईचा नवस होता. आज फेडला."

"बजरंगबली की जय!" पंगत उठून उठून ओरडली. भाऊंनी बूट काढले आणि तूप वाढायला घेतलं.

सोमवारी मॅडमनी बोलावलं. जाताना मी तांदळाच्या डब्यातून गेल्या वर्षीचा कागद काढून घेतला. मला कामावरून काढून टाकलं तर निदान इतकी वर्षं सवलत होती हे दाखवता येईल, असं काहीतरी डोक्यात होतं. ऑफिसात भाऊही बसले होते. मॅडमनी कोरा कागद पुढे केला. "लेखी खुलासा द्या, मावशी. कोणालाही न विचारता नैवेद्य का दाखवला?"

मी पेन घेतलं. 'मी' एवढं लिहिलं.

भाऊ म्हणाले, "थांबा मॅडम. हा कागद फायलीत लागला त नवस खोटा ठरते."

"पण भाऊ, खोटाच आहे ना तो?"

"कालपासून नायी. सकाळी अकोल्याहून मोठ्या बहिणीचा फोन आला. आईच्या नवसाले मले कावून नायी बोलावलं म्हणून अर्धा तास रडली. आता मी तिले काय सांगू, शाळेच्या मावशीनं घंटा वाजवली म्हणून आपल्या मायचा नवस निंगाला? आन् हिले कामावरून काढलं त लोक म्हनतीन, निवद दाखोला म्हणून काढलं. मले या गावात राहाचं हाये."

मॅडमनी खुलाशाचा कागद मागे ओढला. मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण माझा हात घड्या पडलेल्या कागदावर होता, तो मी भाऊंपुढे सरकवला. "भाऊ, माझ्या मुलीची दहावीची सही. जूनमध्ये."

"जूनमध्ये ये न मंग."

"जूनमध्ये तुम्ही विसराल, भाऊ."

मला अजून कळत नाही, हे मी कशी बोलले. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, पण त्याहून जास्त, मी तिथून जावं अशी घाई होती. त्यांनी मॅडमकडून कोरा अर्ज मागितला, खाली सही ठोकली. तारखेची जागा रिकामी ठेवली. गेल्या वर्षीच्या कागदातले दोन-चार तांदूळ काचेच्या पेटीवर पडले होते. मी ते टिपून घेतले, वर एक फडकंही मारलं, आणि बाहेर आले. तारीख मी जूनमध्ये घातली, माझ्याच अक्षरात.

पंगतीसाठी काढलेले पत्रे कोणी परत लावले नाहीत. मुलगी दहावीचं वर्षभर तिथे खो-खो खेळली आणि पासही झाली. भाऊंचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी कोणापुढेही सांगेन, अकोल्यात सांगायची तसंच, फक्त कोणी मान हलवू नये. भवन अजून पेटीतच आहे. दर माघात म्हातारे भाऊंना गाठून विचारतात, "भाऊ, यंदा रोडगे कधी?" नवस एकदा फेडला की संपतो, असं भाऊंना वाटत होतं. गल्लीला तसं वाटत नाही. आईच्या नावाला नाही म्हणवत नाही, म्हणून ते दर वर्षी घालतात. वांगी काकूंकडूनच येतात, आता रोख भावाने.

आणि मॅडम अधूनमधून मला आठवण करून देतात, तशाच मऊ आवाजात, की पाचातले माझे चार देणगीदार अजून बाकी आहेत.